देवाच्या परडीआधी एक फोटो

वाचकाचं पत्र

ताई, स. न. वि. वि.

मी साताऱ्याची, वय ६१. पोस्टातून गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरामागे लहानशी बाग आहे. तीन जास्वंदी, दोन मोगरे, एक सोनचाफा, कुंपणावर मधुमालती, कुंड्यांमध्ये ऑफिस टाइम आणि मैत्रिणीने दिलेलं ब्रह्मकमळ. गुढीपाडव्याला मुलाने नवा फोन घेऊन दिला आणि तेव्हापासून फुलांचे फोटो काढायचा नाद लागलाय. हा अख्खा उन्हाळा रोज काढायचे असं ठरवलंय, पण जमत नाही.

डोळ्यांना दिसतं तसं फोटोत येत नाही. लाल जास्वंद म्हणजे नुसता लाल डाग. सोबत एक प्रिंट पाठवतेय, बघा. सासूबाई (वय ८४) पहाटे साडेपाचला परडी घेऊन बागेत जातात. सहाला मी जाते तर झाडावर नुसती पानं. देवाच्या फुलांवरून त्यांना बोलायची सोय नाही. मग दुपारी उरलीसुरली टिपते, तर फोन तापून कॅमेरा बंद पडतो. परवा एक वाजता मलाच गच्चीवर गरगरलं.

मुलगा म्हणतो, "आई, तुझे फोटो म्हणजे शुभ सकाळ!" पण ऐंशी हजारांपर्यंतचा कॅमेरा घेऊन द्यायलाही तोच तयार आहे. ह्यांचं म्हणणं, सप्टेंबरात कासला जाऊ, तिथे पठारभर फुलं असतात, उन्हाळ्यात आपल्या परसात काय ठेवलंय? कॅमेरा घ्यावा का? की हा नादच सोडावा?

एक वाचक, सातारा

उत्तर

ताई,

तुमची प्रिंट खिडकीशी नेली आणि भिंगातून पाहिली. जास्वंद लाल आहे एवढंच कळतं, पाकळीवरची एक शीर दिसत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मागे निळा पिंप आहे, दोरीवर कुणाचा तरी बनियन वाळतोय. पण आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत. फुलाच्या डावीकडे जी मिटलेली कळी आहे, तिच्या देठाशी कापसाचे बोळे चिकटल्यासारखं काहीतरी पांढरं दिसतंय आणि फांदीवरून मुंग्यांची रांग तिकडेच निघालीय. तो कापूस नव्हे, पिठ्या ढेकूण आहे. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते. पण रोज झाडाशी उभं राहून जे तुमच्या नजरेतून सुटलं ते तुमच्या बिघडलेल्या फोटोने पकडलं. तेव्हा नाद सोडायची गोष्ट आपण इथेच मिटवू.

कॅमेरा मात्र घेऊ नका, निदान यंदा तरी. हे मी ठेच खाऊन सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी हौसेने मॅक्रो लेन्ससकट, म्हणजे बारीकसारीक मोठं करून टिपणाऱ्या भिंगासकट, कॅमेरा घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात तेवीसशे फोटो काढले. दिसलं फूल की काढ फोटो. पाऊस लागला तसा कॅमेरा बॅगेत घालून कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिला. दिवाळीला बाहेर काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कोंदट कपाट आणि पावसाळी हवा म्हणजे बुरशीला आवतणच, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवली असती तर लेन्स वाचली असती. तो खर्च मी विसरले, पण त्या तेवीसशे फोटोंतले आज मला तीनच आठवतात हे विसरता येत नाही. त्यातले दोन एकाच अनंताच्या झाडाचे आहेत, कारण तेवढ्या एकाच झाडाचा नेम मला कळला होता. कळी हिरवट असते कधी, पीळ सुटतो कधी, पांढरं फूल पिवळं पडायला लागतं कधी. बाकीच्या फुलांशी माझी ओळखच नव्हती, नुसती गाठभेट होती.

फुलाची वेळ ज्याला कळते त्याला फोटो मिळतो. आणि तुमच्या घरात हे वेळापत्रक ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनाच तुम्ही अडचण समजून बसला आहात.

सासूबाई इतकी वर्षं पहाटे त्या झाडांत हिंडतायत. कुठली कळी उद्या उमलेल, कुठली अजून दोन दिवस घेईल, हे त्या अंधारात हात लावून सांगतील. आज संध्याकाळी त्यांच्याबरोबर बागेत एक फेरी मारा आणि विचारा, "उद्या कुठली उमलणार?" फोटोचं काढूच नका. चार दिवस नुसतं विचारा. पाचव्या दिवशी म्हणा, "आई, त्या कोपऱ्यातलं एवढं एक झाडावर राहू द्या का, नऊ वाजता मीच तोडून देवाला वाहते." बहुतेक घरांत एवढा तह होतो. नाहीच झाला तरी बिघडत नाही. जास्वंद हे अजब फूल आहे. तोडलं, पाण्याविना ठेवलं, तरी ते त्याचा ठरलेला एक दिवस पुरा करतं. संध्याकाळी तोडलेली टपोरी कळीसुद्धा सकाळी ताटात उमललेली असते. म्हणजे सकाळी गणपतीच्या डोक्यावर गेलेली जास्वंद दुपारपर्यंत तशीच टवटवीत असते आणि देवघरात खिडकीतून तिरपा उजेड येत असेल तर झाडावरच्यापेक्षा तिथे ती सुरेख दिसते. मागे पिंप नाही, वारा नाही, बनियन नाही. परडीचाही फोटो काढा. पितळी परडी असेल तर फारच छान.

आता लाल डागाचं. चूक तुमची नाही, फोनची म्हणावी तर त्याचीही पूर्ण नाही. कॅमेऱ्याच्या आत लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे उजेड मोजले जातात. जास्वंदीतून येतो तो जवळजवळ सगळा लालच. फोन मात्र सगळ्या चित्राचा सरासरी उजेड बघतो, भोवती गर्द पानं दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. मग लालची वाटी काठोकाठ भरून वाहायला लागते. एकदा भरली की शीर कुठली आणि पाकळी कुठली, सगळं एकच लाल. यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर फुलाला बोट लावा. बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते बोटाने खाली ओढा. फूल जरा काळपट वाटायला लागलं, "अंधार झाला की काय" असं मनात आलं, की थांबा. तिथे शिरा दिसतील. अंधारलेला फोटो नंतर उजळता येतो, पण वाहून गेलेला रंग परत येत नाही.

बोट कुठे लावायचं हेही महत्त्वाचं आहे. तुम्ही पाकळीवर लावलं असणार. जास्वंदीच्या मधून जी दांडी बाहेर येते तिच्या अगदी टोकाला बघा, मखमलीचे पाच गोल ठिपके असतात. त्यांच्याखाली पिवळ्या परागांची दाटी. त्या पाच ठिपक्यांवर बोट लावा. ते स्वच्छ आले आणि मागची पाकळी थोडी मऊ झाली तरी डोळा तक्रार करत नाही. उलट झालं तर करतो. आणि मागचं सगळं धूसर करणारं ते पोर्ट्रेट नावाचं बटण बंद ठेवा. माणसांचे केस आणि जास्वंदीची दांडी, दोन्ही ते कापून टाकतं.

फोन फुलाला चिकटवूही नका. फार जवळ गेलं की फोकस बसतच नाही. वीतभर मागे या आणि दोनपट झूम करा. स्वस्तातल्या काही फोनमध्ये 'मॅक्रो' म्हणून एक वेगळी भिंगुली दिलेली असते, तिच्याने माझं कधी समाधान झालेलं नाही. आणि हो, फोटोआधी लेन्स पुसा. फोडणी देऊन आलेल्या हाताचा एक ठसा असला की सगळी बाग धुक्यात जाते. मी स्वतः निम्मा उन्हाळा "आज हवा धूसर आहे" म्हणत काढला होता.

दुपारचं मात्र बंद म्हणजे बंद. साताऱ्याला मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. साडेबाराच्या सुमाराला सूर्य नेमका डोक्यावर, उभ्या काठीची सावली पडत नाही. त्याच्या आगेमागेचे कितीतरी दिवस जवळजवळ तसेच. अशा उजेडात वरची पाकळी पांढरीफटक आणि खालची काळी, मधलं काही नाही. फुलाला आकार देते ती सावलीच, आणि दुपारी तीच गायब असते. फोन तापून कॅमेरा बंद करतो तो स्वतःला वाचवायला. तुम्हाला गरगरलं तेही त्याच कारणाने, फक्त फोनने तुमच्याआधी ऐकलं. दहा ते चार आत बसा, ताक प्या, कालचे फोटो बघून नको ते काढून टाका. तेही या नादातलंच काम आहे आणि फोटो काढण्यापेक्षा कठीण आहे.

एका फुलासाठी मात्र ही सुट्टी जरा उशिरा सुरू करा. ऑफिस टाइम. तुम्ही निवृत्त झालात, ते अजून ड्यूटीवर आहे. नऊ-साडेनऊला हजर, ऊन चढेल तसं फुलतं, दुपारनंतर मिटून घरी. सकाळी सहाला त्याच्यापुढे फोन धरून उपयोग नाही. साडेनऊ-दहाला जा आणि जुनी काळी छत्री घेऊन जा. घरात असतेच एखादी, काड्या वाकलेली. कधी ती फुलावर सावलीसाठी धरायची, कधी मागे पडदा म्हणून उघडून ठेवायची. काळ्या छत्रीपुढे त्या गुलाबी आणि केशरी रंगांची जी मजा येते ती येऊ द्या एकदा, मग मला सांगा ऐंशी हजारांचं काय करायचं ते. सावली पडली आणि फूल फारच अंधारलं तर समोरून स्टीलचं ताट नाहीतर पांढरा पुठ्ठा धरा, उजेड परतून फुलावर येतो. ताट जरा लांब धरा, जवळून चटका देतं.

पिंपाचं म्हणाल तर तो हलवायची गरज नाही, तुम्ही हला. दोन पावलं डावीकडे, नाहीतर गुडघे साथ देत असतील तर पाटावर बसून फुलाच्या उंचीला या. उभं राहून वरून काढलेला फोटो म्हणजे आपण फुलाला रागावतोय असं दिसतं.

मोगऱ्याची गोष्ट जास्वंदीच्या उलट. तो सकाळचा नाहीच. दिवसभर टम्म फुगलेली कळी संध्याकाळी उमलायला लागते, रात्री पुरती उघडते. सूर्य मावळल्यावर आकाशात जो पंधरा-वीस मिनिटं निळसर उजेड राहतो, तो मोगऱ्याचा. ऊन लागलेला मोगरा फोटोत नुसता खडू दिसतो, पाकळीवर पाकळी कळत नाही. त्या संधिप्रकाशात मात्र पांढऱ्यातही हलका हिरवा, हलका पिवळा दिसायला लागतो. तेव्हाही उजेड थोडा खाली ओढाच, कारण काळोख्या पानांत बसलेल्या पांढऱ्याला फोन हमखास फटफटीत करतो.

आणि मोगरा झाडावरच काढला पाहिजे असं कुणी सांगितलं? सासूबाई गजरा ओवत असतील तर त्यांच्या शेजारी बसा. दोऱ्यावर दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मग ती गाठ आवळताना बोटाचं टोक किती वाकतं ते बघा. चौऱ्याऐंशी वर्षांची बोटं, टोकाशी हळदीचा डाग, त्यात मिटल्या कळ्या. तोंडाचा फोटो काढू नका, त्या लाजतील आणि गजरा ठेवून देतील. फक्त हात. मुलगा याला शुभ सकाळ म्हणणार नाही, मी सांगते.

मधुमालतीला तीन दिवस द्या. संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरी असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एका घोसात तिन्ही रंग दिसतात म्हणून लोकांना वाटतं झाडच रंगीबेरंगी आहे. एका घोसाला दोरा बांधून खूण करा, रोज त्याच जागी, त्याच वेळी उभं राहून एकेक फोटो. तीन फोटो शेजारी ठेवले की ती वेल काय करते ते कुणालाही कळेल, ओळ लिहावी लागणार नाही. वारा फार असेल तर काठी रोवून तिला घोसाचा देठ कपड्यांच्या चिमट्याने हलकेच अडकवा. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा चिमटाही नको.

सोनचाफ्याबद्दल मला फार सांगता येत नाही. त्याचं सगळं वासात आहे आणि फोटोत तेवढंच येत नाही. मी तो नाद सोडला.

कासचं. ह्यांना म्हणावं, जाऊ की! घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर जागतिक वारसा आहे, न जाऊन कसं चालेल? पश्चिम घाटाची जी ठिकाणं २०१२ साली त्या यादीत गेली त्यात कास आहे. पण तिथली फुलं पावसाच्या जिवावर जगतात. जांभ्या खडकावरचा मातीचा पातळसा थर, तोही नाही कुठे कुठे. मेमध्ये तिथे गेलात तर तापलेला कातळ भेटेल. आणि सप्टेंबरात गेलात तरी एका दिवसाच्या पाहुण्या म्हणून, गर्दीत. तुमच्या परसातली जास्वंद तुम्हाला रोज भेटते. हा फायदा कासला जाणाऱ्या कुणालाच नाही. उलट उन्हाळाभर घरी हात बसला की तिथल्या बोटाच्या पेराएवढ्या फुलांपुढे तुम्ही बावचळणार नाही.

मधेच एखाद्या दुपारी वळीव येईल. पाऊस थांबला की पहिला अर्धा तास स्वयंपाकघरात घालवू नका. ढगांनी उजेड गाळून दिलेला असतो, पानं धुतलेली असतात, थेंब खरे असतात. स्प्रेने पाणी मारून दंव दाखवायची एक पद्धत आहे, मला ती आवडत नाही. बघणाऱ्याला कळत नाही हे खरं, काढणाऱ्याला कळतं.

ब्रह्मकमळ पाऊस लागल्यावर, जून-जुलैत. म्हणजे उन्हाळ्याच्या वहीचं शेवटचं पान तेच. (हे हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे. आपलं मेक्सिकोकडचं निवडुंग आहे आणि ज्याला आपण पान म्हणतो तो त्याचा चपटा दांडा.) कळी आधी मान खाली घालून लोंबते. तिने मान वर उचलली, फुगून टोकाशी सैल व्हायला लागली, की रात्र जवळ आली. याही बाबतीत सासूबाईंना विचारा. त्या रात्री आठच्या आधी स्टुलावर दोन डबे रचून फोन टेकवून ठेवा, हलवू नका. फ्लॅश नको. दुसऱ्या फोनची बॅटरी लावून तिच्यापुढे बटर पेपर धरा आणि उजेड बाजूने येऊ द्या. टायमर तीन सेकंदांवर, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोटो हलत नाही. दर अर्ध्या तासाला एक, मध्यरात्रीपर्यंत. आठ-नऊ फोटो होतील. सासूबाईंसाठी एक खुर्ची मांडा, जागतील त्या. सकाळी फूल मान टाकून लोंबत असेल, त्याचाही एक काढून ठेवा.

मुलाला रोज फोटो पाठवणं बंद करा. रविवारी एक पाठवा आणि खाली 'सुप्रभात' न लिहिता तुम्हाला त्या आठवड्यात काय कळलं ते एका ओळीत लिहा. "कळी तोडून ठेवली तरी सकाळी उमलते." बस. जूनअखेर त्यातले बारा निवडून प्रिंट करून घ्या आणि मागे तारीख, वेळ, झाड. तारीख-वेळेचा शिक्का मारायचं तुम्हाला मी काय शिकवणार, उभा जन्म त्यात गेला तुमचा. पुढच्या गुढीपाडव्यालाही हा नाद टिकून असेल आणि फोनमध्ये खरंच काहीतरी अडतंय असं वाटलं, तर मग शंभर एमएमची मॅक्रो लेन्स बसेल असा कॅमेरा बघू. तिच्याने लांबूनही जवळचं दिसतं, फुलावरचा भुंगा उडून जात नाही. तोवर ते पैसे मुलाकडेच राहू द्या.

आता पिठ्या ढेकूण. हे थांबू शकत नाही, फोटो थांबले तरी चालतील. किडे थोडे असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. फार पसरले असतील तर सकाळी पाइपने पाण्याची जोराची धार मारा आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब भांड्यांचा साबण, चांगलं हलवून फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. फक्त किडे मारून भागत नाही, मुंग्यांची वाट तोडा. त्या किड्यांच्या अंगातून जो गोड चिकटा येतो तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या किड्यांची राखण करतात. बाकीच्या दोन जास्वंदीही पानं उलटून बघा, बहुधा तिथेही असतील. आणि सासूबाईंना सांगून ठेवा, फवारल्यावर दोन दिवस त्या झाडाची फुलं देवाला नकोत. ती तुम्हाला मिळाली.

पुसायच्या आधी एक फोटो काढा मात्र. जवळून, सकाळी सातला, पिंप चौकटीबाहेर ठेवून. मला पाठवा.